खारी हवा, चांदीची तार आणि पन्नास हजार रुपये

गेल्या रविवारी देवगडहून आण्णामामांचा फोन आला. आंब्याचा हिशेब झाला, मुलगा म्हणतो आता स्वतःसाठी काहीतरी घ्या, म्हणून अडीच लाखांचे स्पीकर घ्यायचं ठरतंय, हे मला माहीत होतं. त्यात आता पन्नास हजारांची चांदीची केबल शिरली होती. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर मामांनी तो मेसेज धाडला. ‘भारी स्पीकर घेताना ह्या ७ गोष्टी पाळा, ३० वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला.’ तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही. तीन ग्रुपांवर हाच मेसेज मला आधी आला होता आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला होता. चूक माझी.

"तो माणूस तीस वर्सां ह्याच धंद्यात आसा. तो कित्याक खोटा सांगतलो?" मामा म्हणाले.

बावीस वर्षं मीही सावंतवाडीत टेप, अँप्लिफायर आणि स्पीकर उघडून बसलोय. पण पिकतं तिथं विकत नाही. म्हणून हे लिहून काढतोय, निदान लिहिलेलं तरी मामा वाचतील.

पाचव्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पैसे तिथं चाललेत. मेसेज म्हणतो, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तांब्याची केबल वापरू नये, खाऱ्या हवेने तांब्यातून जाणारा आवाज जड होतो, म्हणून शुद्ध चांदीची केबल घ्यावी आणि तिच्यावर स्पीकरच्या किमतीच्या २० टक्के खर्च करावा.

आवाज जड होतो! तारेतून आवाज जात नाही हो, वीज जाते. आवाज होतो तो पुढे, स्पीकरचा पडदा हलला की. प्लास्टिकच्या वेष्टनात बंद असलेल्या तांब्याला समुद्र दहा फुटांवर आहे की दहा मैलांवर, हे कळायचा मार्गच नाही. खारी हवा लागते ती फक्त टोकांना, जिथे आपण वेष्टन सोलून तार स्क्रूखाली दाबतो. तिथे हिरवा थर चढतो, हे खरं आहे. मेसेजमधलं तेवढं अर्धं सत्य मी मान्य करतो, नाइलाजाने. पण त्यावरचा उपाय पन्नास हजारांचा नाही, पक्कडीचा आहे. पावसाळा संपला की टोकाची अर्धा इंच तार कापून टाका, नवीन सोला, घट्ट आवळा. त्याचाही कंटाळा असेल तर बोटींच्या वायरिंगसाठी कल्हई केलेली तांब्याची तार मिळते, ती वापरा. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय आणि त्यांनी चांदी वापरलेली नाही.

आता आकडे. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या. अँप्लिफायरपासून स्पीकर चार मीटरवर म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, भरतो सुमारे ०.०६ ओहम. स्पीकर असतो ८ ओहमचा, काही ठिकाणी ४ पर्यंत खाली येतो. त्या चारच्या हिशेबानेही तार खाते ती दीड टक्का, म्हणजे डेसिबलचा आठवा-दहावा भाग. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली नेते, नक्की, पण किती? पाच-सहा टक्के. म्हणजे त्या दीड टक्क्याचे पाच-सहा टक्के वाचवायला पन्नास हजार! तेवढाच फायदा हवा असेल तर तार एक फूट कमी लांब कापावी. तो फुकट आहे.

आणि चांदी किनाऱ्यावर काळी पडत नाही हे मेसेजवाल्याला कोणी सांगितलं? मामांच्याच देवघरातली चांदीची निरांजनं गणपतीच्या आदल्या दिवशी मामी रांगोळी लावून घासत बसते. कशासाठी घासते?

केबल फुकट गेली तरी एकदाच जाते. सहावा मुद्दा त्याहून वाईट आहे. नवीन स्पीकर ३०० तास वाजवल्याशिवाय त्यावर मत देऊ नका, तोवर तो ‘उघडत’ नाही, असं म्हटलंय. स्पीकरच्या पडद्याला धरून ठेवणारी कडी आणि मागचं कापड नवीन असताना ताठ असतं आणि सुरुवातीच्या थोड्या तासांत जरा सैल होतं, इतपत ठीक. पण ३००? मामा रोज संध्याकाळी दोन तास ऐकतात. म्हणजे पाच महिने. एवढ्या काळात दुकानदाराची बदलून देण्याची मुदत कधीच संपलेली असते. बरं, पाच महिन्यांत सैल होतात ते आपले कान. कुठल्याही आवाजाची सवय लागते, गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही तसं. नको असलेला स्पीकर गळ्यात बांधून घ्यायची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात जो आवडला नाही तो परत करा.

तिसरा मुद्दा, दुकानात दोन-चार जोड्या ऐका आणि जी भरदार वाटेल ती उचला. ऐका, हे बरोबर. आपली ओळखीची गाणी घेऊन जा, असंही तिथे लिहिलंय, तेही बरोबर. पण भरदार का वाटतं? दोन स्पीकरांमध्ये एक किंचित मोठा वाजत असेल तर कानाला तोच चांगला वाटतो. मोठा आहे हे कळत नाही, चांगला आहे असं वाटतं. एकाच वीजदाबावर एक स्पीकर ८६ डेसिबल देतो, दुसरा ८९. दुकानदाराने बटण न हलवता नुसती जोडी बदलली तरी निकाल आधीच लागलेला असतो. त्याला काही लबाडी करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत एक चाचणी घेतली. ४० ऐकणारे, सगळे कंपनीतलेच लोक, आणि ४ स्पीकर. एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर. माणसं तीच, खोली तीच, स्पीकर तेच. डोळ्यांसमोर आल्याबरोबर मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि एका स्वस्त, लहानशा संचाचे गुण पडद्याआड मिळाले होते त्याहून खाली गेले. मला सर्वात मोलाचं वाटतं ते पुढचं. पेटी खोलीत कुठे ठेवली यामुळे पडणारा फरक पडद्याआड लोकांना कळत होता, पेटी दिसायला लागल्यावर तो जवळजवळ कळेनासा झाला. ही माणसं याच धंद्यातली होती. मग तीस वर्षांच्या अनुभवाचं काय घेऊन बसलात?

मामांना मी सांगितलंय, दोन-तीन जोड्या घरी ऐकायला मिळतील अशाच दुकानात जा, आणि मी येईन त्या दिवशी ठेवा. मामीची जुनी सुती साडी आडवी बांधू. फुंकर आरपार जाते असं कापड आवाजाला फारसं अडवत नाही. प्रत्येक जोडीतली एकेकच पेटी वाजवायची, कारण एका पेटीचे दोष लवकर उघडे पडतात, हेही टूल यांनी दाखवलंय. खुर्चीशी मोबाइलवरचं आवाजाचं मीटर धरून सगळ्या पेट्या एका पातळीवर आणायच्या. मामांनी फक्त गुण लिहायचे. मामांचा यावर आक्षेप असा, की "साडी बांधून गाणा आयकूचा म्हणजे दशावतार झालो रे." असू दे.

चौथा मुद्दा वाचून मात्र मी खरोखर चिडलो. ‘उंची स्पीकर कुठल्याही खोलीत सारखाच वाजतो, खोलीची काळजी स्वस्त स्पीकरवाल्यांनी करावी.’ साफ उलट आहे. खर्जातले सूर जेवढे खाली स्पीकर नेऊ शकतो, तेवढी खोली त्यात ढवळाढवळ करते.

मामांचं माजघर चिऱ्याचं, आतून गिलावा, खाली गुळगुळीत लादी. वर कौलं आहेत म्हणून छताकडून थोडी सुटका, पण समोरासमोरच्या दोन चिरेबंदी भिंती आवाजाला हलू देत नाहीत. खोलीची लांबी साडेसोळा फूट. आता पुरुष गायकाचा काळी एक पट्टीतला तानपुरा घ्या, त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर येतो सुमारे ६९ हर्ट्झवर. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. म्हणजे त्या सुराची लाट पाच मीटर आणि थोडी जास्त लांब, साडेसोळा फूट! नेमकी खोलीएवढी. असा सूर दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. भिंतीलगत आणि खोलीच्या अगदी मध्ये तो फुगतो, आणि भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे चारेक फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. मामांची आरामखुर्ची कुठे? मागच्या भिंतीला टेकून. अभिषेकीबुवांचं गाणं लावलं की तानपुरा ‘गुमता’, म्हणजे घुमतो, ही त्यांची तक्रार किती वर्षांची आहे. दोष जुन्या स्पीकरवर गेला, म्हणून तर नवीन घ्यायचे आहेत. अडीच लाखांचे आणले तरी ते त्याच भिंतीत, त्याच सुराला गुमणार आहेत, कदाचित जास्तच, कारण ते खाली जास्त जातात.

मी म्हटलं, आधी खुर्ची चार फूट पुढे ओढा, आहेत त्याच स्पीकरवर तीच ध्वनिफीत लावा आणि मला सांगा. समोरच्या लादीवर एक जाड सतरंजी टाका. पुस्तकांचं कपाट आत अडगळीत आहे, ते बाजूच्या भिंतीला आणा. एक पैसा लागत नाही.

उरलेले मुद्दे पटापट.

पहिला: जड तो चांगला, ठोकून बघा. थोडं खरं आहे. पोकळ वाजणारी पातळ पेटी स्वतःच गायला लागते, म्हणून चांगले कारागीर आत आडवे टेकू घालतात आणि वजन वाढतं. पण बीबीसीच्या इंजिनीअरांनी मुद्दाम पातळ प्लायची पेटी करून तिला आतून दाबणारा लेप लावला. त्यांचा एलएस३/५ए हा फूटभर उंचीचा, पाचेक किलोचा स्पीकर १९७०च्या दशकातला, स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी केलेला. लोक आजही तो शोधत फिरतात. तेव्हा वजनकाटा घरी ठेवा.

दुसरा: किमान ५०० वॅट हवेत. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. माजघरात भीमसेन ऐकायला बहुतेक वेळ दोन-चार वॅट खर्च होतात. ५०० वॅट जत्रेला.

सातवा: मोजमापं कागदावरची, खरा कान. कान खराच, पण साडीआडचा. आणि मोजमाप म्हणजे डब्यावर छापलेला एक आकडा नव्हे. चांगली मोजणी पेटीभोवती आडवी आणि उभी, दर दहा अंशांवर फिरून ७० ठिकाणांहून करतात. बाजूला जाणारा आवाज भिंतीवरून परत कानात येतो, म्हणून. अशी मोजणी जो कारखानदार दाखवतो, त्याच्याकडे मी आधी बघतो.

मेसेजने खाऱ्या हवेचा एवढा बाऊ केला, पण जे खरोखर बिघडतं त्याबद्दल चकार शब्द नाही. पडद्याच्या कडेची कडी जर फोमची असेल तर आपल्याकडच्या दमटपणात दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. बोट लावलं की काळी राख. माझ्या दुकानात दर पावसाळ्यानंतर दोन-तीन तरी येतात, त्यात चांगले, महागडेही असतात. म्हणून कडी रबराची बघा. पेटी दाबलेल्या भुश्याच्या फळीची असते, ओल्या लादीवर थेट ठेवली तर बूड फुगतं, तेव्हा चार इंच उंच ठेवा. आणि पेटीला मागे भोक असेल तर त्यावर जाळी लावा. एका बंगल्यातला स्पीकर घरघरतो म्हणून माझ्याकडे आला होता. उघडला तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, रिकामं. चांदीची तार तिला अडवू शकली नसती.

परवा मामांचा पुन्हा फोन झाला. खुर्ची पुढे घेतल्यावर तानपुरा गुमायचा थांबला, हे त्यांनी कबूल केलं, अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. अडचण एवढीच की तिथे ओढली की खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात येते, आणि मामीने ती दोनदा मागे सारली आहे. स्पीकर अजून घेतलेले नाहीत.