‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ पाहून नेमकं कोण काय शिकलं?

‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ या १९६६ सालच्या चित्रपटाबद्दलचा एक मजकूर अधूनमधून पुन्हा फिरायला लागतो. जगात कुठे मोठा स्फोट झाला की हमखास. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण गाभा तोच. हा चित्रपट म्हणजे दहशतवादाचं पाठ्यपुस्तक आहे. त्यात खऱ्या लढाईची खरी चित्रफीत आहे. त्याची भडकवण्याची ताकद ओळखून फ्रान्सने त्यावर बंदी घातली. अमेरिकेत ब्लॅक पँथरवाल्यांनी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेने, तो पाहून धडे गिरवले, आणि शेवटी पेंटागॉनलाही तो आपल्या अधिकाऱ्यांना दाखवावा लागला, यावरून काय ते समजा. तात्पर्य, असले सिनेमे पाहून माणसं बॉम्ब ठेवायला निघतात.

यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच मजकूर सहज पचतो. उरलेलं अर्धं पाहू.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अल्जीरिया १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात. १९५४ मध्ये राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एफएलएनने, सशस्त्र उठाव सुरू केला. १९५६-५७ मध्ये तो राजधानी अल्जिअर्समध्ये पोचला. जानेवारी १९५७ मध्ये जनरल मासू यांच्या १०व्या पॅराशूट डिव्हिजनकडे शहरातले पोलिसी अधिकार सोपवले गेले. छळ करून माहिती काढत पॅराट्रूपर्सनी ऑक्टोबरपर्यंत शहरातली संघटना मोडून काढली. अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. चित्रपट या शहरी लढाईचा. दिग्दर्शक इटलीचे जिल्लो पोंतेकोर्वो, पटकथा फ्रांको सोलिनास यांची.

‘खरी चित्रफीत’ हा मुद्दा लगेच निकालात निघतो. चित्रपटात बातमीपटाचा एक फूटही वापरलेला नाही. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतींवर तशी पाटीच होती, कारण प्रेक्षकांना विश्वासच बसेना. छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांनी लांब पल्ल्याची लेन्स, हातातला कॅमेरा आणि मुद्दाम खरबरीत केलेली कृष्णधवल प्रतिमा यांतून तो आभास उभा केला. माणसं बहुतेक हौशी. अली ला पॉइंट या बंडखोर नायकाची भूमिका करणारे ब्राहिम हग्गिआग यांनी आधी कॅमेऱ्यासमोर कधी कामच केलं नव्हतं. कर्नल माथ्यू झालेले जाँ मार्तँ मात्र मुरलेले रंगभूमीचे नट, आणि अल्जीरियातल्या युद्धाविरुद्धच्या १९६० च्या प्रसिद्ध जाहीरनाम्यावर सही केली म्हणून काम गमावलेले. त्यांनीच पॅराट्रूपर्सचा कर्नल उभा केला, आणि असा केला की अनेक प्रेक्षक थिएटरबाहेर पडताना त्याच्याच प्रेमात असतात. तो मुद्दा पुढे येईल.

बंदीचं प्रकरण जरा जास्त गुंतागुंतीचं आहे. १९६६ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तेव्हा फ्रेंच शिष्टमंडळाने बहिष्कार टाकला, हे खरं. पुढची काही वर्षं फ्रान्समध्ये तो लागला नाही, हेही खरं. पण १९७० मध्ये प्रदर्शनाची परवानगी मिळाल्यावरही तो थिएटरांत टिकू शकला नाही, कारण माजी सैनिक, अल्जीरियातून परतलेले वसाहतवाले आणि कडवे उजवे यांच्या धमक्यांपुढे थिएटरवाले मागे हटले. १९७१ मध्ये तो लागला, तरी हल्ल्यांची भीती पुढे कित्येक वर्षं राहिली. सरकारला बंदी घालता येत नव्हती असं नाही. अल्जीरियाचा विषय निघतो म्हणून फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा एक चित्रपट १९६० ते १९६३ अडकवून ठेवलाच होता. इथे मात्र ते काम लोकांनी परस्पर केलं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाच नव्हता. नाटक न पाहता नाटक बंद पाडायची कला आपल्यालाही परकी नाही, त्यामुळे हा भाग मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको.

म्हणजे ‘तो पाहून फ्रेंच जनता भडकेल म्हणून बंदी’ हे कारणच उलटं आहे. ज्यांना तो नको होता त्यांना आपला भूतकाळ पडद्यावर नको होता. अल्जीरियात जे झालं त्याला फ्रान्सच्या कायद्याने ‘युद्ध’ म्हणायला १९९९ उजाडावं लागलं.

आता मुख्य आरोप: पाठ्यपुस्तक.

चित्रपटात एक वर्ग आहे. फळा आहे, खडू आहे, शिकवणारा आहे, समोर विद्यार्थी बसलेले आहेत. शिकवणारा आहे कर्नल माथ्यू आणि विद्यार्थी त्याचे अधिकारी. प्रत्येक बंडखोराला संघटनेतले फक्त तिघे माहीत असतात, एक त्याला घेणारा आणि दोन त्याने घेतलेले, हे त्रिकोणांचं जाळं माथ्यू फळ्यावर काढतो. ते कसं उकलायचं, म्हणजे चौकशी कशी करायची, हे तोच सांगतो. त्याआधी तो अधिकाऱ्यांना नाक्यांवर पोलिसांनी घेतलेली चित्रफीत दाखवतो. कास्बातून, म्हणजे अल्जिअर्सच्या जुन्या अरब वस्तीतून, बाहेर पडणाऱ्या लोकांची झडती चालली आहे, आणि बॉम्ब घेऊन जाणारी माणसं त्याच गर्दीतून निघून जातात. पाहणाऱ्यांना काहीच दिसत नाही. सिनेमा पाहून माणसं काय शिकतात यावर पोंतेकोर्वोने सिनेमातच केलेलं हे भाष्य मला फार आवडतं.

बंडखोरांच्या बाजूने असा एकही ‘पाठ’ नाही. बॉम्ब बनवायची कृती नाही. आणि बॉम्बच्या मार्गाचं फळ काय दाखवलं आहे? साखळीतला एकेक जण पकडला जातो, मारला जातो. शेवटी भिंतीमागच्या पोकळीत लपलेले चार जण उरतात, त्यांत एक पोरगा, आणि पॅराट्रूपर्स ते घर उडवून देतात. ८ ऑक्टोबर १९५७ ला अली ला पॉइंटचा शेवट असाच झाला. मग चित्रपट थेट डिसेंबर १९६० वर जातो. अचानक, कुणी नीट कारण सांगू शकत नाही अशा रीतीने, हजारो साधी माणसं झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतात. विजयाची चाहूल लागते ती तिथे. हे पाठ्यपुस्तक असेल, तर बॉम्बच्या धड्याखाली ‘नापास’ लिहिलेलं आहे.

एकतर्फीपणाचंही तसंच. चित्रपट अल्जीरियाच्या बाजूचा आहे, यात वाद नाही. निर्माते यासेफ सादी हे अल्जिअर्समधल्या एफएलएनचे प्रमुख होते, आणि त्यांनी स्वतःवरच बेतलेली भूमिका केली आहे. पण ३० सप्टेंबर १९५६ च्या बॉम्बस्फोटांचा प्रसंग पुन्हा पाहा. केस कापून, युरोपी कपडे घालून तीन मुली नाके ओलांडतात. त्यांतली एक कॅफेत बसते आणि कॅमेरा तिच्या नजरेने आसपासचे चेहरे बघत राहतो. गप्पा मारणारी माणसं, आइस्क्रीम खाणारं लहान मूल, दुसरीकडे नाचणारी पोरं. ‘ही माणसं मरणार आहेत’ हे प्रेक्षकाला आधी कळतं आणि मग थांबावं लागतं. स्फोटानंतर ढिगाऱ्यातून प्रेतं बाहेर काढताना जे संगीत वाजतं, तेच आधी रू द तेब या कास्बातल्या गल्लीत फ्रेंचांनी उडवलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर वाजलेलं असतं. संगीत देणारे एन्निओ मोरिकोने आणि पोंतेकोर्वो यांनी मेलेल्यांत बाजू पाडली नाही. प्रचारपट करणारा माणूस पहिल्यांदा हीच गोष्ट टाळतो.

आता ज्यांनी तो पाहिला आणि काहीतरी केलं, त्यांच्याकडे वळू. मजकुराचं सगळं वजन यावर आहे.

ब्लॅक पँथरचं उदाहरण तर मजकुराच्या अंगावरच उलटतं. न्यूयॉर्कमध्ये पँथर कार्यकर्त्यांवर पोलीस ठाणी आणि दुकानं उडवण्याचा कट रचल्याचा खटला चालला. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की आरोपींनी हा चित्रपट आदर्श म्हणून पाहिला. पुरावा म्हणून त्यांनी तो ज्युरीलाच दाखवला. तेव्हा ज्युरी हेही त्याचे प्रेक्षकच झाले. १३ मे १९७१ ला याच ज्युरीने सगळ्या आरोपींना सगळ्या आरोपांतून मुक्त केलं. सुटलेल्यांत स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या, तेव्हा गरोदर असलेल्या अफेनी शकूर होत्या, म्हणजे रॅपर टुपाकची आई. एका ज्युरी सदस्याने नंतर लिहून ठेवलं की चित्रपटामुळे आपल्याला बचावपक्षाची बाजू जास्त समजली. (बरोबर वर्षभराने मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिकडून आलं. पण ढाले, ढसाळ, पवार यांना संताप शिकायला अल्जिअर्सला जायची गरज नव्हती, गावागावातल्या अत्याचारांच्या बातम्या पुरेशा होत्या.)

गणवेशातल्या प्रेक्षकांची कहाणी, पेंटागॉन सोडलं तर, या मजकुरात कधीच नसते. अर्जेंटिनाच्या नौदलातल्या माजी अधिकाऱ्यांनी पुढे सांगितलं की कॅडेट असताना त्यांना हा चित्रपट धडा म्हणून दाखवला गेला होता, आणि धडा होता माथ्यूचा. १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत याच नौदलाचं ब्युनोस आयर्समधलं यांत्रिकी विद्यालय छळाचं आणि माणसं नाहीशी करण्याचं केंद्र बनलं. चित्रपटाने त्यांना हे शिकवलं का? तसं म्हणणंही तितकंच चुकीचं ठरेल. फ्रेंच अधिकारी पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून प्रत्यक्ष तिथे जाऊन शिकवत होते. अल्जिअर्समध्ये छळ आणि हत्यांचं काम सांभाळणारे पॉल ओसारेस अमेरिकेत फोर्ट ब्रॅगला शिकवून आले, पुढे ब्राझीलला गेले. मासूंच्या हाताखालचे रॉजे त्रँकिए यांनी या ‘आधुनिक’ युद्धावर १९६१ मध्ये पुस्तकच लिहिलं. पाठ्यपुस्तक शोधायचं असेल तर ते हे. त्यासाठी सिनेमाचं तिकीट काढावं लागत नाही.

पेंटागॉनचा खेळ झाला तो २७ ऑगस्ट २००३ ला, साधारण चाळीस अधिकारी आणि तज्ज्ञांपुढे. आमंत्रणपत्रिकेचा आशय असा होता: दहशतवादाविरुद्धची लढाई जिंकून विचारांची लढाई कशी हरायची, फ्रेंचांची योजना डावपेच म्हणून यशस्वी होते, धोरण म्हणून फसते, का, ते समजून घ्यायला या. आमंत्रण अगदी योग्य होतं. पण एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जगासमोर आले. ते अत्याचार २००३ च्या अखेरीसच घडलेले होते. म्हणजे ‘पेंटागॉननेसुद्धा धडा घेतला’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कॅलेंडर पाहिलेलं नाही.

आणखीही नावं या यादीत जोडली जातात, कधी ही संघटना, कधी ती. आधार कुणी देत नाही, म्हणून मीही त्यात जात नाही.

माझ्या मते प्रेक्षक या चित्रपटातून तेच घेऊन गेले, जे घ्यायला ते आले होते. व्हेनिसच्या फ्रेंचांना अपमान दिसला, अर्जेंटिनाच्या नौदलाला पद्धत दिसली, न्यूयॉर्कच्या ज्युरीला माणसं दिसली. चित्रपट बिनदोष आहे असा याचा अर्थ नाही. आक्षेप घ्यायचेच तर घ्यायला जागा आहे. बॉम्ब घेऊन निघालेल्या त्या तीन मुली जवळजवळ बोलतच नाहीत. तयारीच्या प्रसंगात संवादांच्या जागी ढोल वाजतो. झोहरा द्रीफ, जमीला बूहिरेद या खऱ्या बायका चांगल्या बोलक्या आणि ठाम मतांच्या, पण पडद्यावर सगळं बोलणं पुरुषांकडे. दुसरं, एफएलएनने प्रतिस्पर्धी अल्जीरियन पक्षाच्या लोकांना मारलं, १९५७ मध्ये मेलूझाला गावकऱ्यांची कत्तल केली, याचा चित्रपटात मागमूस नाही. आणि तिसरं, माथ्यू. तो इतका हुशार, शांत आणि देखणा आहे की ‘फ्रान्सला अल्जीरियात राहायचं असेल तर परिणामही स्वीकारा’ हे त्याचं पत्रकारांना दिलेलं उत्तर छळाचं समर्थन न वाटता साधं तर्कशास्त्र वाटायला लागतं. गणवेशातले प्रेक्षक नेमके इथेच भुलले असावेत.

खुद्द अल्जीरियातल्या प्रेक्षकांबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही, आणि मला तेच सर्वांत विचित्र वाटतं. तिथे हा चित्रपट राष्ट्रीय दिनांना टीव्हीवर लागतो, पोरांना संवाद पाठ असतात. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बूतफ्लीकांच्या पाचव्या खेपेच्या उमेदवारीविरुद्ध दर शुक्रवारी लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या हातात अली ला पॉइंट आणि एफएलएनचे नेते लार्बी बेन म्हिदी यांची चित्रं होती. म्हातारपणी जमीला बूहिरेदही त्या मोर्चात चालल्या. चित्रपटात बेन म्हिदी गच्चीवर अलीला म्हणतो की क्रांती सुरू करणं अवघड, टिकवणं त्याहून अवघड, जिंकणं सर्वांत अवघड, आणि खऱ्या अडचणी सुरू होतात त्या जिंकल्यावर. त्या मोर्चांत बॉम्ब नव्हते. २ एप्रिलला बूतफ्लीकांनी राजीनामा दिला.