मोठा खेळाडू म्हणून मोठा मॅनेजर?

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, जाणार अशी कुणकुण लागली, की आमच्या मालवणात एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘मॅनेजर क्लबचा जुना, मोठा खेळाडूच हवा. जो स्वतः वर खेळला नाही, त्याचं ड्रेसिंग रूममध्ये कोण ऐकणार? गार्डिओला बघा, झिदान बघा. आणि पहिल्या हंगामात करंडक आला नाही तर सरळ नारळ द्या.’ मीही युनायटेडचाच. पण यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

न खेळलेल्याचं कोण ऐकणार? अरिगो साकी कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत. वडिलांच्या बुटांच्या धंद्यात होते. १९८७ मध्ये ए.सी. मिलान या इटालियन क्लबने त्यांना मॅनेजर म्हणून आणलं, तेव्हा इटलीत हाच प्रश्न विचारला गेला. जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागत नाही, हे त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. खरं उत्तर मात्र सरावाच्या मैदानावर मिळालं. चेंडू न देता ते अख्खा संघ हलवायचे: चेंडू इथे आहे असं समजा, आता सगळे इकडे सरका. बचावफळी आणि आघाडीतलं अंतर वाढू द्यायचं नाही, हा हट्ट. बारेसी, माल्दिनी, गुलिट, व्हान बास्टन अशा मोठ्या खेळाडूंनी तो सराव केला. पहिल्याच हंगामात लीग, मग १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग.

आपल्या किनाऱ्यावर तरी हे समजायला अवघड जाऊ नये. जाळं सगळ्यात जोरात ओढतो म्हणून कुणी खलाशाच्या हाती होडी देत नाही. पाण्याचा रंग, पाण्याची ओढ, पाखरं कुठे घिरट्या घालतात हे बघून जाळं कुठे सोडायचं ते तांडेल ठरवतो. खलाशी त्याचं ऐकतात, कारण त्याने सांगितलं तिथे मासळी लागते.

आता गार्डिओला आणि झिदान. उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितली जातात. बार्सिलोनाच्या मुख्य संघाआधी गार्डिओलाने त्यांचा ‘ब’ संघ स्पेनच्या चौथ्या स्तरावर खेळवला आणि वर चढवला. झिदान रेआल माद्रिदमध्ये एक हंगाम तेव्हाचे मॅनेजर अँचेलोटी यांचा सहायक होता, मग तिथल्या राखीव संघाचा प्रशिक्षक म्हणून शिकला, आणि जानेवारी २०१६ मध्ये मुख्य संघ हाती आला. न शिकता आलेला बघायचा असेल तर पिर्लो बघा. मधल्या फळीतला त्याच्यासारखा कलावंत विरळा. २०२० मध्ये युव्हेंटस या इटालियन क्लबने त्याला मुख्य संघ दिला, तेव्हा त्याने प्रशिक्षक म्हणून एकही सामना काढला नव्हता. सलग नऊ वर्षं लीग जिंकणारा क्लब चौथा आला. इटालियन कप मिळाला, हे मान्य. पण वर्षभरातच त्याला जावं लागलं.

आणि घरचंच उदाहरण. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडसाठी शेवटच्या क्षणी गोल करणारा सोल्शायर. त्याच्यावर माझं प्रेम आहे, म्हणून हे लिहिताना जड जातं. तात्पुरता मॅनेजर म्हणून आल्यावर त्याने सुरुवातीला सामन्यांमागून सामने जिंकले, आणि आपण सगळ्यांनी ‘क्लबचं रक्त’ म्हणत त्याला कायम करा असा घोष केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गेला तेव्हा एकही करंडक नव्हता. युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचा अंतिम सामना व्हियारेआल या स्पॅनिश क्लबकडून पेनल्टींवर ११-१० असा हरलो, ती रात्र अजून टोचते.

कुणी म्हणेल, लिव्हरपूलचे मॅनेजर बॉब पेस्ली त्याच क्लबचे जुने खेळाडू, घरचेच ना? होय. पण १९७४ मध्ये आधीचे मॅनेजर शँक्ली यांची जागा घेण्याआधी ते खेळ थांबवून वीस वर्षं तिथेच होते: दुखापती बघत, सराव घेत, राखीव संघ सांभाळत. सहा लीग आणि तीन युरोपियन कप त्या वीस वर्षांतून आले.

नारळ देण्याबद्दल एवढंच. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडचे मॅनेजर म्हणून आले. १९८९-९० मध्ये आपण लीगमध्ये तेरावे होतो. त्याच हंगामात एफए कप आला, लीग १९९३ मध्ये. संचालकांनी त्यांना ठेवलं तेव्हा त्यांच्यासमोर फर्ग्युसन यांचं आधीच्या स्कॉटिश क्लबातलं, ॲबर्डीनमधलं काम होतं: सेल्टिक-रेंजर्स या दोन क्लबांची स्कॉटलंडमधली मक्तेदारी मोडलेली, १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपीय करंडक आणलेला. म्हणजे धीर धरायलाही आधार लागतो. तो नसेल तर धरू नये. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डसारख्या आपल्या लाडक्या जुन्या खेळाडूला मॅनेजरपदावरून काढून टुखेलला आणलं, आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली.

तेव्हा पुढचं नाव चर्चेत आलं की त्याने किती गोल केले होते ते पाठवू नका. आधीच्या क्लबात संघ कुठल्या स्थानावर मिळाला आणि कुठे सोडला, कुठली कोवळी पोरं त्याच्या हाताखाली तयार झाली, एक गोल मागे असताना तो कुणाला उतरवतो, हे पाठवा. त्यावर रात्रभर वाद घालायला मी तयार आहे.