पाच युरो कमीच आहेत

व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून दिवसापुरतं येणाऱ्या पर्यटकांना पाच युरोंचं तिकीट लावलं आणि आपल्याकडच्या प्रवासाच्या ग्रुपांवर एकच ओरड सुरू झाली. व्हिसाचे नव्वद युरो, विम्याचे वेगळे, विमानाचं तर विचारूच नका, आणि वर गावात पाय ठेवायचेही पैसे? पुढच्या वर्षी ऐनवेळी तिकीट काढणाऱ्यांना दहा युरो केल्यावर तर लोक चवताळलेच.

मी आणि नवरा युरोपात भटकून आलो, काही शहरं आणि त्याहून जास्त खेडी बघितली. त्यानंतर माझं मत असं झालंय की हे पैसे कमीच आहेत.

आधी हे तिकीट नेमकं काय आहे ते बघू, कारण बातमीचा मथळा वाचून भांडणारेच जास्त. ते वर्षभर नसतं. वसंतापासून जुलैपर्यंतच्या ठरावीक गर्दीच्या दिवसांना असतं, तेही सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात. आणि जो तिथे रात्री मुक्काम करतो त्याला ते माफ आहे, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करायची. खाडीपलीकडचं मेस्त्रे हा व्हेनिस पालिकेचाच भाग, त्यामुळे तिथल्या स्वस्तातल्या हॉटेलात उतरलात तरी माफी मिळते. म्हणजे पालिकेचं म्हणणं सरळ आहे: राहायला या, नुसते फिरकून जाऊ नका. पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी पैसे भरले, पण गर्दी काही हटली नाही. पाच युरोंत तिथे वॉटरबसचं साधं तिकीटही येत नाही, ते साडेनऊ युरोंचं आहे. मग एवढ्याशा रकमेने कोण थांबणार?

रियाल्तो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लाल आकड्यांचा एक बोर्ड आहे. जुन्या व्हेनिसची लोकसंख्या त्यावर दिसते, आणि ती कमी कमी होत जाते. १९५१ साली या बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. आम्ही तिथे उभे असताना लोक दुकानात शिरत होते, क्रोसँट दिसतात का बघत होते आणि औषधाचं दुकान आहे म्हटल्यावर बाहेर पडत होते. बोर्डाकडे कुणी मान वर करून बघितलं नाही.

आता आपल्या लोकांच्या प्रवासाच्या आखणीकडे येते. ज्येष्ठांच्या टूरबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे आईबाबा अशाच टूरने गेले होते. गुडघे, भाषा, जेवण, सगळ्याची सोय हवी असते आणि आयुष्यात एकदाच जायचं म्हटल्यावर बसमधून का होईना आयफेल टॉवर दिसला पाहिजे, हे मला मान्य आहे. माझा रोख आहे तो पंचविशी-तिशीतल्या जोडप्यांवर. पाय धड, इंग्रजी येतं, फोनमध्ये नकाशा, आणि तरीही आखणी तीच: पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम. "एवढे पैसे घालून जातोय तर जास्तीत जास्त बघून घेऊ." ऐकायला हिशेब बिनचूक वाटतो. पण गाव बदललं की अर्धा दिवस जातो. अकराला खोली सोडा, नवी खोली तीनशिवाय मिळत नाही, मधल्या वेळात बॅगा ओढा नाहीतर लॉकर शोधा. माझ्या नवऱ्याने पहिली एक्सेल शीट अशीच बनवली होती, प्रत्येक देशाला वेगळा रंग देऊन. मी त्यातल्या अर्ध्या ओळी उडवल्या. त्यानंतर आमच्यात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण लग्न टिकलं.

हॉलस्टाटचं उदाहरण घेते, कारण ते प्रत्येकाच्या यादीत असतंच. ऑस्ट्रियातल्या झाल्त्सकामरगुट भागातलं हे तळ्याकाठचं खेडं, वस्ती साडेसातशेच्या आसपास. सीझनमधल्या गर्दीच्या दिवशी तिथे दहा हजारांपर्यंत माणसं येतात. २०१२ साली चीनमधल्या एका कंपनीने ग्वांगडोंग प्रांतात या गावाची अख्खी नक्कल उभी केली, तेव्हापासून तर मूळ गाव बघायला येणारे आणखी वाढले. मे २०२० पासून टूर बसना आधी वेळ ठरवून घेतल्याशिवाय गावात सोडत नाहीत. मे २०२३ मध्ये गावकऱ्यांनी फोटोच्या त्या सुप्रसिद्ध जागेवर लाकडी कुंपण ठोकलं, म्हणजे मागचं तळं आणि चर्च दिसूच नये. आरडाओरडा झाल्यावर ते काढलं. त्याच उन्हाळ्यात गावकरी रस्त्यावरही उतरले. दुपारी बारा वाजता तिथे उभं राहिलात तर त्यांचं दुःख लगेच कळतं. विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोड आठवा, फक्त ढोल नाहीत आणि प्रत्येकाच्या हातात सेल्फी स्टिक. त्या गल्लीत घरांच्या दारांवर पाट्या आहेत, इथे माणसं राहतात, कृपया हळू बोला. पाटीखाली एक जोडपं ड्रोनवरून भांडत होतं. मराठीत.

आम्ही तिथे मुक्काम केला होता. साल्झबुर्गहून आत्नांग-पुखहाइमला गाडी बदलायची, मग तळ्याकाठाने जाणारी छोटी गाडी. स्टेशन तळ्याच्या एका काठाला, गाव दुसऱ्या. गाडीच्या वेळेला बोट उभीच असते. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की तासाभरात गाव स्वतःच्या आकाराचं होतं. आमच्या गेस्ट हाउसच्या काकू दुपारभर कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी त्यांनी दाराशी खुर्ची टाकली आणि शेजारणीशी पाऊण तास गप्पा हाणल्या. सकाळी शाळेची पोरं दप्तरं घेऊन बससाठी पळताना दिसली. ही दोन्ही दृश्यं त्या सेल्फीच्या जागेवरून कधीच दिसणार नाहीत.

आणि रात्री राहिल्यामुळेच वरच्या चर्चजवळचं अस्थिगृह निवांत बघता आलं, सकाळी उघडल्या उघडल्या. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये गाव इतकं चिंचोळं की दफनभूमीला पुरेशी जागाच नाही. म्हणून पूर्वी काही वर्षांनी कबर उघडून हाडं बाहेर काढत, कवटी ऊन-चांदण्यात पांढरी होईपर्यंत ठेवत आणि मग तिच्यावर नाव, वर्ष आणि फुलंपानं रंगवत. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या निम्म्या रंगवलेल्या. कुणाच्या कपाळावर आयव्हीची वेल, कुणाच्या गुलाब. घराण्याप्रमाणे एकाशेजारी एक लावून ठेवलेल्या. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली, एका बाईची, सोन्याचा दात तसाच आहे. नवरा पहिल्यांदा दारातच थांबला, "सकाळी सकाळी हे काय" म्हणाला, आणि मग आतून हलेना. आमच्यानंतर आलेला टूरचा घोळका गाइडच्या छत्रीमागून चार मिनिटांत आत येऊन बाहेर गेला.

आता "राहायला या" या माझ्या सल्ल्यातली गोम मीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. मुक्काम करणारेही गावाचं वाटोळं करतात. २०२३ मध्ये जुन्या व्हेनिसमध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. राहती घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली की मालकाला महिन्याच्या भाड्याच्या कितीतरी पट सुटतात, आणि तिथल्या मास्तराला, नर्सला घर मिळत नाही. बार्सिलोनाने म्हणूनच आपले दहा हजारांवर पर्यटक फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलंय. तेव्हा मुक्काम करा, पण हॉटेलात, नाहीतर घरमालक स्वतः राहतो अशा गेस्ट हाउसमध्ये. स्वयंपाकघर मिळतं म्हणून आपण फ्लॅट घेतो, हे मला माहीत आहे. एका भांड्यातली खिचडी राहू द्या काही दिवस.

इटलीतल्या चिंक्वे तेर्रेबद्दल थोडक्यात. पाचही गावं रेल्वेने जोडलेली, त्यामुळे लोक एका दिवसात पाचांवर टिकमार्क करतात. आम्ही त्यातल्या कोर्नील्यात राहिलो, कारण ते उंचावर आहे, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या, त्यामुळे बरेच जण खालूनच पुढे जातात. या गावांभोवती द्राक्षांची शेती आहे, तिथल्या उतरणीवरचे दगडी बांध चुन्याशिवाय रचलेले असतात, दरवर्षी कुणीतरी हाताने दुरुस्त करावे लागतात. शेती सुटली की बांध ढासळतात आणि पाऊस माती घेऊन खाली येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही यातलीच दोन गावं चिखलात बुडाली होती. त्या पार्श्वभूमीवर इन्स्टाचा पिवळा-गुलाबी फोटो मला फारच अपुरा वाटतो.

स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्डने तर एका धक्क्यावर उभं राहायचे पाच फ्रँक लावलेत, फिरतं फाटक बसवून. एका कोरियन मालिकेत नायक तिथे पियानो वाजवतो, एवढंच त्या धक्क्याचं महत्त्व. आम्ही पैसे भरले नाहीत, काठावर बसून रांग बघितली. ती जास्त करमणूक होती.

असे पैसे घेणारं हे "गाव आहे की जत्रा" असं विचारणाऱ्यांना एवढंच म्हणेन की कास पठारावर फुलांच्या दिवसांत नोंदणी आणि शुल्क आपणच भरतो, आणि ते नव्हतं तेव्हा फुलांत लोळून फोटो काढणारेही आपलेच होते.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे. हॉलस्टाटमध्ये खोल्या महाग आणि थोड्या. पलीकडच्या ओबरट्राउनमध्ये बघा, तिथे स्वस्त पडतं, रेल्वेचं पुढचंच स्टेशन, तळ्याकाठाने चालत यायला सुंदर वाट आहे, आणि डाखश्टाइनच्या डोंगरावर जाणारा रोपवेही तिथूनच. फक्त रविवारी पोहोचणार असाल तर पाव, दूध, फळं शनिवारीच घेऊन ठेवा. तिकडे रविवारी किराणा दुकानं बंद असतात आणि भडंग किती दिवस पुरवणार.