जुन्या काळाने टायसनला वाचवले नसते

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि वर्षभरापासून बॉक्सिंग शिकतो आहे. गेल्या आठवड्यात त्याने शिकवणीच्या वर्गात एका मुलाच्या तोंडावर ठोसा मारला. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण जाब विचारल्यावर त्याने आईसमोर मोबाइल धरला आणि आमच्याच घरच्या ग्रुपवर नौपाड्याच्या काकांनी पाठवलेला संदेश पुरावा म्हणून दाखवला. अमेरिकेचा माजी जगज्जेता मुष्टियोद्धा माइक टायसन याच्याविषयीचा, 'माइक टायसन चुकीच्या काळात जन्मला' असे शीर्षक असलेला हा संदेश मला त्याच दिवशी आणखी तीन ठिकाणांहून आला.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. राग हीच टायसनची ताकद होती आणि ती शिस्त लावणाऱ्यांनी मारली. तो १९२० च्या दशकात असता तर वीस वर्षे जगज्जेता राहिला असता, आणि १९६० च्या दशकात असता तर त्याने मुहम्मद अलीला ९० सेकंदांत आडवे केले असते. जुन्या काळी 'एका मुलीच्या तक्रारीवरून' कोणी विजेत्याला तुरुंगात धाडले नसते. शिवाय तेव्हाच्या १५ फेऱ्यांच्या लढती त्याला अधिकच मानवल्या असत्या.

यातला सर्वांत घाणेरडा मुद्दा आधी घेतो. १९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या ज्युरीने टायसनला अठरा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराबद्दल दोषी ठरवले, त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याचे अपीलही फेटाळले गेले आणि मार्च १९९५ मध्ये तो सुटला. टायसनने गुन्हा कधीच कबूल केलेला नाही, हे खरे. पण ज्या निकालाला अपिलातही धक्का लागला नाही, त्याला 'तक्रार' म्हणणे आणि ते वाचून पंधरा वर्षांच्या मुलांनी टाळ्या पिटणे, हे मला सहन होत नाही. शिवाय त्याची कारकीर्द खटल्यामुळे बुडाली हा हिशेबच चुकीचा आहे, कारण बस्टर डग्लसने टोकियोत त्याला दहाव्या फेरीत नॉकआउट केले ते ११ फेब्रुवारी १९९० रोजी, म्हणजे निकालाच्या दोन वर्षे आधी. तेव्हा या खटल्याचे ना वकील होते ना न्यायाधीश. जुना प्रशिक्षक केव्हिन रूनी याला त्याने १९८८ मध्येच दूर केले होते आणि सरावाकडे पाठ फिरवली होती.

आता जुन्या काळाच्या उदारपणाविषयी. जॅक जॉन्सन हा हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. १९१३ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला दोषी ठरवून घेतले ते एका गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून, आणि त्यासाठी स्त्रियांना अनैतिक हेतूने दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्धचा कायदा वापरला. तो देश सोडून पळाला, १९२० मध्ये परतला आणि तुरुंगात गेला; माफी मिळाली ती २०१८ मध्ये, मृत्यूनंतर सात दशकांनी. ज्या काळाने निरपराध विजेत्याला सोडले नाही, तो खरा अपराध केलेल्या टायसनला कडेवर घेऊन फिरला असता, असे या संदेशाच्या लेखकाला वाटते.

१९२० च्या दशकाबद्दल एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. तेव्हाचा राजा जॅक डेम्प्सी जेमतेम ८५ किलोंचा होता आणि टायसन ऐन भरात १०० किलोंच्या आसपास. १९१९ मध्ये डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, कारण पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभे राहून तो उठताक्षणी पुन्हा मारायला मुभा होती. असल्या नियमांत टायसन भयंकर ठरला असता, यात शंका नाही. पण त्याला रिंगमध्ये येऊ कोणी दिले असते? १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर १९३७ मध्ये जो लुईसला संधी मिळेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढायला मिळाले नाही. त्यांतलाच एक हॅरी विल्स डेम्प्सीशी लढण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला आणि ती लढत झालीच नाही. संदेशातल्या टायसनने ती वीस वर्षे विल्सच्या शेजारी बसून काढली असती.

"ते ठीक आहे मामा, पण अलीला तरी हरवलं असतं ना?" असे भाच्याने विचारलेच. ९० सेकंदांचा आकडा कुठून आला ते उघड आहे: १९८८ मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवले होते. पण स्पिंक्स हा मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला होता. त्याच्यावरून अलीचे माप काढणे म्हणजे तलावपाळीत होडी चालवून समुद्राचा अंदाज बांधणे. जो फ्रेझर टायसनसारखाच बुटका, वाकून आत शिरणारा होता आणि त्याने १९७१ मध्ये अलीला हरवले, हे मी भाच्याला आपण होऊन सांगितले. मात्र त्याला त्यासाठी पूर्ण १५ फेऱ्या लागल्या आणि समोरचा अली साडेतीन वर्षांच्या बंदीतून नुकताच परतला होता.

खरे तर कल्पना करण्याची गरजच नाही, कारण १९६० च्या दशकात टायसन होऊन गेला. त्याचे नाव सनी लिस्टन. दरोड्याबद्दल मिझुरीच्या तुरुंगात असताना तो बॉक्सिंग शिकला, पोलिसाला मारहाण केल्याबद्दल पुन्हा आत गेला, आणि जन्म नेमका कधीचा हेसुद्धा त्याचे निश्चित नव्हते. त्या काळाने त्याला काय दिले? न्यूयॉर्कने त्याला परवाना नाकारला, म्हणून जगज्जेतेपदाची लढत शिकागोत घ्यावी लागली. तिथे २५ सप्टेंबर १९६२ रोजी त्याने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत पाडले. हा पॅटरसन कोण? टायसनला घडवणाऱ्या कस डमाटोचाच आधीचा शिष्य, गालांशी हात धरून डोलत आत शिरण्याच्या त्याच शैलीत वाढलेला. टायसन त्याच्याहून बराच वजनदार आणि ठोशाला जबर होता, हे कबूल. पण लिस्टनलाही, ज्याच्या नुसत्या नजरेने माणसे निम्मी हरत, १९६४ मध्ये बावीस वर्षांच्या क्लेने, म्हणजे पुढच्या अलीने, सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठू दिले नाही.

रागाच्या मुद्द्यावर बहिणीसाठी एवढेच लिहितो. ब्रुकलिनमधला रागीट मुलगा रागामुळे फक्त सुधारगृहापर्यंत पोहोचला. तिथल्या एका माजी मुष्टियोद्ध्या कर्मचाऱ्याने त्याला शिकवायला घेतले आणि पुढे डमाटोकडे नेले. डमाटोने त्याला भीती ओळखायला शिकवले आणि डोके हलवणे, आत शिरणे, जोडठोसे या गोष्टी वर्षानुवर्षे घोटून घेतल्या. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला तो त्या घोटण्यावर. निव्वळ रागाच्या हवाली झालेला टायसन पाहायचा असेल तर १९९७ ची होलीफिल्डविरुद्धची लढत आहे. तिथे त्याने कान चावला आणि तो बाद झाला.

१५ फेऱ्यांचे म्हणाल तर डग्लसने त्याला दहाव्या, होलीफिल्डने १९९६ च्या आधीच्या लढतीत अकराव्या आणि लेनॉक्स लुईसने २००२ मध्ये आठव्या फेरीत थांबवले. आणखी फेऱ्या कोणाला मानवल्या असत्या, ते काकांनीच सांगावे.

काकांना मी उलट संदेश पाठवलेला नाही. त्यांनी लिस्टन आणि पॅटरसन यांची पहिली लढत तेवढी पाहावी. मोजून दोन मिनिटे सहा सेकंद लागतात.