तीस गाड्यांची रांग गावातून नेऊ नका

रविवारी सकाळी मोटरसायकलवरून नाष्ट्याच्या राइडला जाणाऱ्या आणि विशेषतः त्या राइड आखणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझं म्हणणं असं की गावाकडच्या रस्त्याने जायचं असेल तर आठपेक्षा जास्त गाड्या एका रांगेत नेऊ नयेत. तीस जण येणार असतील तर चार गट करा, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने निघा आणि मिसळीच्या टेबलावर भेटा. आमच्या क्लबात यावरून बरीच वादावादी झाली. काही जुने मित्र अजून नाराज आहेत. ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदा नीट मांडते.

आधी रस्त्याबद्दल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे आणि सातारा हायवेवर ट्रकांच्या मधून जाण्यात काही सुख नाही. म्हणून पुण्यातली बरीच मंडळी कात्रजचा जुना घाट चढून शिवापूरवरून कापूरहोळला येतात आणि तिथे हायवे सोडतात. डावीकडे वळलं की केतकावळे, नारायणपूर, डोक्यावर पुरंदर, मग सासवड आणि दिवे घाटाने परत. उजवीकडे वळलं की भाटघर, भोर, आंबवड्याचा संस्थानकाळातला झुलता पूल, मांढरदेवीचा घाट आणि खाली वाई. दोन्ही वाटा मला जीव की प्राण आहेत. ऑक्टोबरात भोरकडची भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, पाटाच्या कडेला धुकं असतं, हेल्मेटची काच वर केली की ओल्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास येतो. अंजिरांच्या दिवसांत सासवडच्या वाटेवर पाट्या घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला ते त्याच्या कितीतरी आधीपासून त्या पाटीतच आवडतं. हे सगळं ताशी ४०-५०च्या वेगातच दिसतं. त्यासाठीच तर आपण पहाटे उठतो.

पण त्याच वेळी त्या रस्त्यावर आणखी कोण असतं? डेअरी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघालेला दूधवाला. मुक्कामी एसटी, जी सकाळी पुण्याकडे निघालेली असते. चरायला निघालेली जनावरं आणि त्यांच्यामागे काठी घेतलेल्या आजी. सुट्टी म्हणून रस्त्यातच स्टंप रोवलेली पोरं. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ज्याच्या मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. काढणीच्या दिवसांत काही ठिकाणी सोयाबीन रस्त्यावरच मळणीला पसरलेलं असतं, त्यावरून चाक गेलं की गाडी साबणावर गेल्यासारखी सरकते. रविवार आपला असतो. त्यांच्या म्हशींना रविवार नसतो.

आता या रस्त्यावर तीस गाड्या एकत्र आणल्या की काय होतं ते आकड्यांनी बघा. ताशी 50 वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं हे आपण सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. म्हणजे दोन गाड्यांत 28 मीटर. हायवेच्या रुंद लेनमध्ये डावी-उजवी अशी झिगझॅग रांग करता येते, पण घाटात आणि एकपदरी डांबरी रस्त्यावर एकामागे एकच चालावं लागतं. तीस गाड्यांची रांग म्हणजे 800 मीटर झाली. मागून आलेल्या एसटीवाल्याने 800 मीटर ओलांडायचे कसे? तो दोन-चार गाड्या मागे टाकतो, समोरून कुणी आलं की आपल्या रांगेत घुसतो, आणि मग आपण त्याला शिव्या देतो. आठ गाड्यांची रांग 200 मीटरच्या आत बसते. एक सरळ पट्टा मिळाला की त्याला वाट देता येते.

याहून वाईट गोष्ट रांगेच्या शेपटाला होते, आणि पुढे चालणाऱ्याला ती कधीच कळत नाही. लीड रायडर, म्हणजे सगळ्यांत पुढे चालणारा, गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाला वेग कमी करतो, ओलांडतो आणि पुन्हा 50 वर येतो. त्याच्या दृष्टीने राइड अगदी संथ चालली आहे. पण तिसाव्या माणसाची पाळी येईपर्यंत लीड बराच पुढे निघून गेलेला असतो. तो फरक भरून काढायला शेवटच्याला 70-80 ने पळावं लागतं. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. रांग रबरासारखी ताणते आणि आखडते, आणि तो ताण कायम मागच्यांच्या वाट्याला येतो. गावातली माणसं दारात उभी राहून हे पाहतात. पहिल्या पाच गाड्या सभ्यपणे गेल्या, शेवटची सुसाट गेली. त्यांच्या लक्षात शेवटचीच राहते आणि ते बरोबरच आहे, कारण पोरं तोवर पुन्हा रस्त्यावर आलेली असतात. रांग संपली असं त्यांना वाटलेलं असतं.

खुणांचंही तसंच. पुढच्याने खड्ड्याकडे पाय दाखवला की मागच्याने ती खूण मागे पोचवायची. माझ्या अनुभवात ही खूण दहाव्या माणसाच्या पलीकडे जात नाही. कुणीतरी एक जण डोंगराकडे बघत असतो, तिथे साखळी तुटते. वळणावर पुढच्यांपैकी एका रायडरने थांबून सगळ्यांना वाट दाखवायची आणि स्वीप (सगळ्यांच्या मागे राहून रांग सांभाळणारा) आला की त्याच्या पुढे रांगेत शिरायचं, ही पद्धत आठ जणांत सुंदर चालते. तीस जणांत त्या बिचाऱ्याला फाट्यावर इतका वेळ उभं राहावं लागतं की मधेच कुणी सरळ निघून गेला तरी पत्ता लागत नाही.

आता आवाज. कंपनीच्या सायलेन्सरबद्दल बोलतेय. जाळी काढलेल्या, फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरच्या गाड्या आमच्या राइडला येऊच देत नाही, त्यावर चर्चा नको. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला आपल्याकडे 80 डेसिबलची मर्यादा आहे. एकाच जागी सारख्या आवाजाच्या दहा गाड्या वाजल्या की तो 10 डेसिबलने चढतो. भर गावात चौकात गाड्या गोळा करून, मागचे येईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की काय होत असेल याचा विचार करा. घरात कुणी आजारी असतं, कुणी रात्रपाळी करून आलेलं असतं, गोठ्यातली वासरं बुजतात. थांबायचंच असेल तर गावाच्या अलीकडे, उघड्या माळावर थांबा आणि इंजिन बंद करा.

विरोधातलं पहिलं म्हणणं असं की सगळे एकत्र चालण्यातच मजा आहे, नाहीतर क्लब कशाला? ही मजा मलाही माहीत आहे. आरशात एकामागे एक दिव्यांची माळ दिसते तेव्हा ऊर भरून येतो. आपण एकटे नाही हे कळतं. म्हणून म्हणते की ती माळ हायवेवर करा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात, त्या जुन्या गाड्या शहराच्या रुंद रस्त्यावरून निघाल्या की बघणारेही खूश होतात. पंधरा ऑगस्टची राइडही अशीच करावी. पण मांढरदेवीच्या घाटात समोरून जीप आली तर दोघांपैकी एकाला चाक मातीत उतरवावं लागतं. तिथे माळ नको.

दुसरं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: नव्या रायडरला मोठ्या ग्रुपमध्ये सुरक्षित वाटतं. वाटतं, हे खरं. पण तो सुरक्षित असतो का? नव्या माणसाची खरी जागा लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर. तिथे रबराचा ताण पोचत नाही, लीड त्याला आरशात बघून आपला वेग धरतो, वळणात तो कुठली रेघ पकडतो हे नव्याला समोर दिसतं. मोठ्या ग्रुपमध्ये अशी जागा एकच असते, बाकीचे नवे मध्येच कुठेतरी हरवतात आणि मागे पडले की लाजेने पळवतात. चार गट केले तर चार नव्यांना ती जागा मिळते. आमच्याकडे मागच्या हंगामात ज्या मुली नव्याने आल्या, त्यांच्यातल्या दोघी आता स्वतः लीड करतात, कारण छोट्या गटात त्यांना पहिल्या दिवसापासून कुणीतरी बघत होतं.

तिसरं म्हणणं, चार लीड आणि चार स्वीप आणायचे कुठून? तयार करायचे! क्लबाचं काम तेच आहे. टी-शर्ट छापण्याआधी ते करा.

आपण पुण्याची माणसं, गटागटाने चालण्याचं उदाहरण द्यायला मला लांब जावं लागत नाही. दिवे घाटातून दर वर्षी माउलींची पालखी चढते. लाखो माणसं त्याच रस्त्याने चालतात, पण दिंड्या-दिंड्यांनी. प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथापुढची की रथामागची ते ठरलेलं, प्रत्येकीची वीणा वेगळी, पाण्याचा टँकर वेगळा, आणि म्हातारं माणूस कोण, दमलंय कोण हे त्या दिंडीतल्यांना ठाऊक. सगळे मुक्कामाला सासवडलाच पोचतात. आपण तीस जण त्याच घाटाने उतरताना एवढी शिस्त पाळू शकत नाही असं मला पटत नाही.

नाष्ट्याचं बोलायचं राहिलंच. भोरच्या अलीकडे आम्ही ज्या हॉटेलात थांबतो तिथे पाच-सहा टेबलं आहेत, एक कढई, आणि मालकीणबाई स्वतः मिसळीचा कट करतात. तीस जण एकदम उतरलो की बाजारला निघालेले दोन शेतकरी चहा अर्धा टाकून उठतात आणि जागा देतात. त्यांनी का उठावं? गटागटाने जायला लागल्यावर मालकीणबाई मला म्हणाल्या, "ताई, आता बरं पडतं बघा. आधी पहिल्याला गरम मिळायचं अन् शेवटच्याला नुसता रस्सा." भजी तळून येतात तशी खाल्ली जातात, पाव संपत नाही, गाड्या शेजारच्या दुकानाच्या दारात आडव्या लागत नाहीत. आदल्या रात्री फोन करून किती जण येणार ते सांगायचं, आलेला आकडा कमी झाला तरी सांगितलेल्या प्लेटांचे पैसे द्यायचे. आणि खायचं गावातल्याच हॉटेलात. गावाचा रस्ता वापरून परत येताना हायवेवरच्या फूड मॉलमध्ये पैसे मोजायचे, हे मला मुळीच आवडत नाही.

एक शेवटची गोष्ट, जिच्यामुळे माझं मत पक्कं झालं. एका मोठ्या राइडमध्ये (दुसऱ्या क्लबाची होती, आम्ही काही जण पाहुणे होतो) वळणावर बारीक खडीवरून एक मुलगा घसरला. त्याला फार लागलं नव्हतं. पण मागून येणारा प्रत्येक जण घाबरून तिथेच, वळणातच थांबत गेला आणि समोरून येणारा टेम्पो त्या गर्दीवर येता येता राहिला. टेम्पोवाला कसलेला होता म्हणून निभावलं. गट छोटा असेल तर कामं वाटून देता येतात: दोघे जखमीजवळ, एक जण वळणाच्या पुढे, एक मागे गाड्या थांबवायला, एक जण 108 ला फोन लावायला, बाकीचे गाड्या काढून सरळ पट्ट्यावर. आमच्या प्रत्येक गटात हे आधीच ठरलेलं असतं, निघताना दोन मिनिटांत पुन्हा म्हणून घेतो. रस्त्यात दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तरी थांबा. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. हे नव्या पोरांना माहीत नसतं, त्यांना आवर्जून सांगा.

येत्या रविवारी सासवडच्या वाटेने जातोय, गाड्या साधारण तीसच होतील. पहिला गट सहाला कात्रज चौकातून निघेल, पुढचे दहा-दहा मिनिटांनी. पेट्रोल आदल्या रात्री भरून ठेवा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं. पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पेटी प्रत्येक गटात एक, ती स्वीपकडे राहील. नाराज मित्रांनो, तुम्हीही या. एकदा चौथ्या गटात शेवटून दुसरे चाला आणि मग आपण नारायणपूरला चहा घेत बोलू. तिसऱ्या गटाला अजून स्वीप मिळालेला नाही. ज्याला जमेल त्याने शुक्रवारपर्यंत मला कळवा.