पेनकिलरसोबत किडनीसाठी काय घेऊ?

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक चालू आहे, किडनीला बाधू नये म्हणून पुनर्नव्याचा काढा किंवा हळदीची कॅप्सूल घेऊ का, असं बरेच जण विचारतात. माझं मत: काही घेऊ नका, आधी कोणत्या गोळ्या एकत्र चालू आहेत ते बघा.

किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच रसायन लागतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नेमकं तेच कमी करतात. बीपीची टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते आणि लघवीची गोळी शरीरातलं पाणी घटवते. तिन्ही एकत्र आल्या, त्यात उन्हाची काहिली किंवा जुलाब, की गाळणीत दाबच उरत नाही. काही दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढतं. दाबच गेल्यावर हळदीचं अँटिऑक्सिडंट काय करणार?

जेंटामायसिन (अँटिबायोटिक) आणि सिस्प्लॅटिन (कॅन्सरचं औषध) यांची गोष्ट वेगळी. तिथे किडनीच्या नलिकांच्या पेशीच जळतात, म्हणून हळदीतलं कर्क्युमिन, वनस्पतीतून काढलेलं सिलिमारिन अशी अँटिऑक्सिडंट उंदरांत छान चालतात. माणसांत तसा भक्कम पुरावा नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधावर तर मोठी आशा होती. हे औषध अँजिओग्राफीत टोचल्या जाणाऱ्या डायपासून किडनी वाचवतं का, हे जवळपास 5000 रुग्णांवर तपासलं. 2018 साली निकाल छापून आला: नुसत्या प्लासिबोइतकाच (औषध नसलेल्या गोळीइतकाच) उपयोग. सिस्प्लॅटिनला खरा आधार सलाईन आणि मॅग्नेशियमचा.

उलट अपाय होतो, तो असा. हळदीच्या कॅप्सूल आणि रोज 1000 मिग्रॅ व्हिटॅमिन सी यांनी लघवीतलं ऑक्सलेट (खडे बनवणारा क्षार) वाढतं. त्याचे खडे नलिकांत अडकतात. भाजीतल्या चिमूटभर हळदीला मी काही म्हणत नाहीये. ऑक्सलेटनेच भरलेल्या आंबट बिंबलांचा रस पेलाभर पिऊन किडनी बंद पडल्याच्या केसेस केरळमधून नोंदल्या गेल्यात. किडनी आधीच अशक्त असताना टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (लघवीची एक गोळी) चालू ठेवून रोज शहाळं प्यायलात तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. आणि 1990 च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या वनस्पती-गोळ्यांनी कित्येक बायका डायलिसिसवर गेल्या. त्यातली किडनीला घातक वनस्पती ॲरिस्टोलोकिया ही आपल्याकडच्या ईश्वरी या औषधी वेलीच्याच कुळातली.

दुखणं गुडघ्यापुरतं असेल तर डायक्लोफिनॅकचं जेल लावा, रक्तात फार थोडं उतरतं. जुलाब-उलट्या लागल्या की पेनकिलर त्याच दिवशी बंद, एका लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी, आणि बीपीच्या व लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. पेनकिलर रोज लागणार असेल तर सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. सुरुवातीलाच लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोही करून घ्या. तो पुन्हा पुन्हा 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर येत असेल, तर क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी किडनी दुखावलेली असू शकते.