साहेबांना विचारतो

परवा ठाण्यात नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मला एक नवरा मिळाला. मागितला नव्हता. यादीतही नव्हता. यादीत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट आणि कूलर एवढंच होतं.

मी घरांचं इंटिरिअर करते. गिऱ्हाइकाला आपलं स्वयंपाकघर बांधायच्या आधी बघायचं असतं, म्हणून ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे खोलीचं हुबेहूब चित्र, काढावं लागतं. माझा लॅपटॉप एका रेंडरला अख्खी रात्र घेतो आणि असा घरघरतो, की सासूबाई उठून बघून येतात, मिक्सर कोणी चालू ठेवलाय का. तयार वर्कस्टेशनच्या किमती ऐकून मी गप्प बसले आणि ठरवलं, सुटे भाग घेऊन आपणच जुळवायचं. लाखाच्या आत.

यादीवर मी रात्री जागवल्या आहेत, हे मुद्दाम सांगते. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स घ्यायचा, कारण आठ कोअर, सोळा थ्रेड आणि ६५ वॅटमध्ये भागतं. तो मदरबोर्डवर ज्यात बसतो ते एएम-४ सॉकेट जुनं आहे, पण नव्या एएम-५ला डीडीआर-५ रॅमच लागते, आणि रॅमच्या भावाबद्दल बोलायच्या आधी घोटभर पाणी प्यावं. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला घेतल्यापासून किरकोळ गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर करून टाकलं. एएम-४ला लागणारी जुनी डीडीआर-४सुद्धा या वणव्यातून सुटली नाही. आणि गंमत बघा, माझी निम्मी गिऱ्हाइकं हल्ली एआयकडूनच स्वयंपाकघराची चित्रं काढून आणतात. त्यात सिंक असतं, नळ नसतो. ओट्याखालच्या ड्रॉवरला हँडल दोन्ही बाजूंनी असतात. असली चित्रं निघावीत म्हणून मला रॅम महाग!

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात स्वस्त मिळतं, हे प्रत्येक जण सांगतो. सांगणाऱ्याने कॅबिनेटचं खोकं घेऊन संध्याकाळी सहाला दादरला गाडी बदलून दाखवावी. मी घोडबंदरहून मेट्रोच्या खांबांखालून सरपटत नौपाड्यापर्यंत पोचले, एवढं पराक्रमाच्या खात्यात पुरे.

तर दुकानदाराने यादी घेतली, वाचली, आणि माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, "साहेब, गेमिंगसाठी का?"

माझ्या डाव्या खांद्यापलीकडे एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज. रिफिल करायला आले होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो मला काय विचारता? यांनी मान पुढे काढून यादीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "थोडंफार गेमिंगही होईलच."

"हे माझ्याबरोबर नाहीत," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "मॅडम चिडल्या वाटतं, साहेब."

"चालायचंच," साहेब म्हणाले.

इथून पुढे माझी गरज फक्त यादी धरायला होती. दुकानदार म्हणाला, मॅडमनी ग्राफिक्स कार्ड ३०६० लिहिलंय, ते जुनं झालं, आता ४०६० आलंय. साहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "हजाराने पुढे आहे. घेऊन टाकू." घेऊन टाकू! मी दोघांना समजावलं की ४०६० वेगवान आहे, कबूल, पण त्यावर मेमरी ८ जीबी. मला पाहिजे ते ३०६० १२ जीबीचं आहे. माझ्या कामात कपाटं, टाइल्स, खिडकीबाहेरचा गुलमोहर असा अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो. नाही मावला तर रेंडर रखडतं, नाहीतर थेट बंद पडतं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दुकानदार त्यांना म्हणाला, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"आता ह्यांना तेच पाहिजे असेल तर तेच द्या," साहेब उदारपणे म्हणाले.

मग कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा. ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, म्हणून मी तो यादीच्या खाली लिहिला होता. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हा खर्च वाचेल. घरी एसी आहे."

कोणाच्या घरी? आमच्या हॉलमध्ये एसी नाही. क्षणभर मला त्यांचं घर आवडून गेलं.

एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्यापुढे मी "५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ" लिहिलं होतं; ब्रॉन्झ, गोल्ड हे वीज किती कमी वाया जाते याचे दर्जे. ३०६०ला तेवढा पुरतो, फक्त तो खरा ५५०चा हवा. बाजारात ६०० वॅटचा स्टिकर लावलेले बेनामी डबेही मिळतात. असला डबा फुंकला तर जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. दुकानदाराने असलाच एक डबा प्रेमाने पुढे सरकवला. साहेबांचं लक्ष मात्र यादीतच होतं. "ब्रॉन्झ?" ते हळहळले. "थोडक्यात गोल्ड हुकलं."

कॅबिनेट मला साधं, काळं, पुढे जाळी असलेलं हवं होतं. जाळीतून हवा खेळते. दुकानदाराने काचेचं काढलं, आत सप्तरंगी दिवे फिरत होते.

"दिवे नकोत," मी म्हटलं.

"मुलांना आवडतं मॅडम. साहेब, मुलं किती?"

"दोन," साहेब म्हणाले.

मला एक मुलगी आहे.

तुम्हाला हसू येत असेल तर हसा, मैत्रिणीसुद्धा हसल्याच. पण धंदा माझा, पैसे माझे, रात्री जागून प्रत्येक भाग मी निवडलेला, आणि त्या काउंटरवर माझ्यापेक्षा जास्त वजन एका रिकाम्या कार्ट्रिजला होतं, कारण ते पुरुषाच्या हातात होतं. हे काही कॉम्प्युटरपुरतं नाही. प्लायवूडच्या वखारीत मी बारा एमएम आणि अठरा एमएम डोळे मिटून हाताने सांगते, तरी माणूस बोलतो सुताराकडे बघून. निदान सुताराला लाकडातलं कळतं. माझ्या खऱ्या नवऱ्याला नेलं असतं तरी हेच झालं असतं, आणि आमचे हे तर राउटरला हात लावायच्या आधी मनात देवाचं नाव घेतात. पुढच्या वेळी एखादा पुतळा भाड्याने न्यावा. उगाच मतं तरी देणार नाही.

"बिल कोणाच्या नावाने, साहेब?"

इथे मी जीएसटी नंबरचा कागद काउंटरवर आपटला. यावर १८ टक्के कर आहे. तो क्रेडिटमध्ये मिळवायचा तर बिल माझ्या धंद्याच्या नावानेच पाहिजे. दुकानदाराने निमूट टाइप केलं. मग वॉरंटीसाठी मोबाइल नंबर विचारला, तर साहेब आपले पहिले काही आकडे सांगून मोकळे. मी मध्ये पडून माझा नंबर दिला. पैसे माझ्या फोनवरून गेले. काउंटरवरच्या यूपीआयच्या बोलक्या डब्याने रक्कम मोठ्याने जाहीर केली, तीही कोणाच्याच खांद्यापलीकडे न बघता. त्या दुकानात माझ्याशी सरळ वागलेला तो एकच.

आता तरी उजेड पडेल असं मला वाटलं. दुकानदाराने साहेबांच्या हातातली पिशवी घेतली, कार्ट्रिज आतल्या पोराकडे दिलं आणि म्हणाला, "रिफिलचे राहू द्या, साहेब. एवढी खरेदी केलीत."

"बरं," साहेब म्हणाले.

वर, मोठ्या खरेदीवर मिळतं ते माउसपॅडही त्यांच्याच हातात गेलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, दुसऱ्या रंगात आहे का विचारलं, निळं घेतलं.

"कॅबिनेट जड आहे," जाताना ते मला म्हणाले, "जमेल ना उचलायला?" आणि माउसपॅड बगलेत मारून गोखले रोडला लागले.